मार्चमध्ये सह्याद्रीत फुलं बघायला जायचंय. कुठे जावं, आणि मित्रांना कसं पटवावं?

डोंगरउतार
आमचा कॉलेजपासूनचा ग्रुप आहे. सहा जण, सगळेच आता चाळिशीच्या पुढे. दर जुलैत एक ट्रेक ठरलेला: धुकं, चिखल, पायथ्याला भजी आणि परतताना एक्सप्रेसवेवर तासन्‌तास गाडीत बसून राहणं. यंदा मी ग्रुपवर टाकलं की पावसाळा पुरे झाला, मार्चमध्ये जाऊ, जरा वसंत बघू. त्यावर जी खिल्ली उडाली ती इथे देत नाही. मथितार्थ एवढाच, की मार्चमध्ये सह्याद्रीत वाळकं गवत आणि उन्हाळी याशिवाय काही मिळत नाही. एक जण व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलाय. त्याच्या मते वसंत हिमालयात असतो, आपल्याकडे थंडी संपली की थेट उन्हाळा.

मला हे पटत नाही. घाटातून जाताना लाल-केशरी झाडं दिसतात की. पण पळसाच्या पुढे माझं ज्ञान जात नाही, त्यामुळे वाद घालायला गेलो की तोंडावर आपटतो.

तर पुण्या-मुंबईहून एका दिवसात होईल असा ट्रेक सुचवा, जिथे मार्चच्या मध्यावर फुलं, आणि नशीब असेल तर प्राणी-पक्षी दिसतील. चढ मध्यम हवा, एकाचा गुडघा कुरकुरतो.

कुर्डूवाडी_एक्सप्रेस
पहिला! प्रतिसाद नंतर देतो.

चहाबिस्किट
धागा वसंताचा आणि एकही फोटो नाही? फाऊल.

पानगळ
डोंगरउतार, आधी त्या हिमालयवाल्याला गप्प करू. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बहरते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात. तो वसंत नव्हेच. तिकडे वसंतात बघायचा तो बुरांश, आणि तो झाडावर फुलतो. आपल्याकडेही नेमकं तेच आहे. सह्याद्रीत वसंत बघायचा तर मान वर करावी लागते.

कासला किंवा कुठल्याही सड्यावर फुलं असतात ती जमिनीलगत. तिथे कातळावर मातीचा पातळ थर, पाणी पावसाळ्यापुरतं. तेरडा, सोनकी या मंडळींना रुजण्यापासून बी टाकण्यापर्यंत सगळा संसार त्या तीन-चार महिन्यांत उरकायचा असतो. झाडांची मुळं खोल जातात, साठाही असतो, त्यामुळे ती उन्हाळ्याच्या तोंडावर फुलू शकतात. बरीचशी झाडं आधी पानं टाकून देतात. मग फूल लांबूनही दिसतं आणि पक्ष्यांना वाटेत पानांचा अडथळा राहत नाही. मे अखेरपर्यंत शेंगा-बोंडं तयार, बी वाऱ्यावर स्वार, आणि खाली पडतं न पडतं तोच पाऊस. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं. बाकीची सगळी शेंग म्हणजे नुसतं पंख.

मार्चच्या मध्यावर पळस, पांगारा, काटेसावर (ही तोवर संपत आलेली असेल), धायटी, कौशी, गणेर, करवंद, आणि सदाहरित पट्ट्यात गेलात तर अंजनी. पैकी अंजनी चुकवू नका. एरवी कुणी ढुंकून बघणार नाही असं झुडपासारखं झाड, पण फुललं की फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद लगडतात. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर, सगळीकडे आहे.

गुडघे_अँड_सन्स
"एकाचा गुडघा कुरकुरतो" हे वाचून थांबलो. चाळिशीपुढच्या सहा जणांत फक्त एकाचा? बाकीचे खोटं बोलतायत.

तांबट
पानगळ यांच्याशी सहमत, पण मी उलट्या बाजूने येतो. फुलं शोधत हिंडू नका. एक झाड निवडा आणि त्याखाली बसा.

पक्षी बघायचे म्हणून दिवसभर चालणारे लोक मी पाहतो. संध्याकाळी त्यांच्या यादीत कावळा, साळुंकी आणि "काहीतरी पिवळं". त्यापेक्षा फुललेली सावर गाठायची, सूर्य वर यायच्या आत. तिच्या फुलात भरपूर मध असतो आणि पाकळ्या इतक्या जाड की मोठा पक्षीही आरामात बसून पितो. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, हळद्या, टकाचोर, अधूनमधून हिरव्यागार पंखांचा पर्णपक्षी. शिंजीर आला की बाकीच्यांवर ओरडत फिरतो, आकार अंगठ्याएवढा आणि रुबाब सरपंचाचा. खारही डोकं फुलात घालून बसते आणि बाहेर येते ती मिश्यांना पराग लावून. हे सगळं दोन तासांत, एका जागी, गुडघ्याला काहीही त्रास न देता.

फुलं खाली पडतात ती थप्पकन. जंगलातली सावर असेल तर पडलेली फुलं खायला भेकर येतं. माणसांचा आवाज नसेल तरच.

डोंगरउतार
@तांबट, आवाज नसेल तरच?? आमच्या ग्रुपमध्ये एक जण ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतो. कठीण आहे.

चहाबिस्किट
स्पीकर घाटातून खाली "चुकून" पडू शकतो.

आज्जीची_गोधडी
तांबट, तुमचं झाडाखाली बसणं मला मान्य आहे, पण मग त्याला ट्रेक का म्हणायचं? माणूस डोंगरात जातो तो दमायला. मला तर दमल्यावरच आजूबाजूचं दिसायला लागतं. एकाच झाडाखाली बसायचं तर आमच्या सोसायटीच्या मागेही पांगारा आहे, कट्ट्यावर बसून चहाही मिळतो.

तांबट
@आज्जीची_गोधडी, मग त्या पांगाऱ्याखाली बसा की! थट्टा नाही करत. शहरातल्या पांगाऱ्यावर सकाळी सातला जेवढे पक्षी येतात तेवढे अनेकांना अख्ख्या ट्रेकमध्ये दिसत नाहीत. डोंगरात जायचं ते जे सोसायटीत येत नाही त्यासाठी. शेकरू काही तुमच्या कट्ट्यावर येणार नाही.

कुर्डूवाडी_एक्सप्रेस
आलो परत. तांबटराव, यादीत भोरड्या राहिल्या. आमच्याकडे सोलापूर भागात ज्वारी हुरड्यात आली की हजारोंच्या थव्याने उतरतात. आभाळात धुरासारखा लोळ फिरतो, आत्ता इकडे, आत्ता तिकडे. लहानपणी आम्हाला माचणावर उभं करायचे, हातात गोफण. लोक आता कॅमेरे घेऊन येतात आणि म्हणतात वाह. आम्ही तेव्हा जे म्हणायचो ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील.

तांबट
बरोबर पकडलंत. भोरडी म्हणजेच पळसमैना, गुलाबी अंग, काळं डोकं. ज्वारी संपत आली की हीच मंडळी पळस-पांगाऱ्यावर येतात आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघतात, विणीला. तिकडे त्यांचं मुख्य खाणं टोळ आणि नाकतोडे, त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्याला ती देवासारखी. इथे चोर, तिथे राखणदार.

कुर्डूवाडी_एक्सप्रेस
म्हणजे आमच्या ज्वारीवर पोसून तिकडची राखण. हिशेब मांडायला हवा.

ठेचाभाकर
काय राजेहो, वसंत पाहाले सह्याद्रीत चालले? या ना आमच्याकडं. पयस पाहाचा तं विदर्भात पाहाचा. तिकडं घाटात चार झाडं दिसली का तुमी गाडी थांबवून फोटो काढता, आमच्याकडं अख्खी बरडं पेटल्यावानी दिसते.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) पळसाचं सोडा, मार्च-एप्रिलमधलं खरं झाड मोह. मेळघाट, गडचिरोली, गोंदिया, कुठेही जा. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात, फिकट पिवळी, रसाळ, मण्यांसारखी. गावातल्या बाया-पोरं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली. वाळवून ठेवतात, खातात, विकतात. लोकांना त्यातली दारू तेवढी माहीत असते, पण मोह हे आधी अन्न आहे. आणि ते फक्त माणसाचं नाही. अस्वलाला मोहाइतकं काहीच प्रिय नाही. हरणं, वानरंही येतात. म्हणून पहाटेच्या अंधारात माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली भेटतात, आणि दर वर्षी या दिवसांत कुणी ना कुणी जखमी होतं. आमच्याकडे वसंत बघायला जाताना हे लक्षात ठेवून जावं लागतं. मोहाच्या झाडाखाली पहाटे एकटं जायचं नाही, आणि जाताना बोलत जायचं. तांबट भाऊ म्हणतात तसं चुपचाप बसायचं नाही!

तांबट
@ठेचाभाकर, अस्वलाच्या मुलखात माझा सल्ला मागे घेतला.

लीड्सकर
इकडे इंग्लंडात एप्रिल अखेर ते मे ब्लूबेल्स. बीच जातीच्या झाडांना पानं फुटून सावली दाट व्हायच्या आत जमिनीवर निळी चादर पसरते. बघायला माणसं येतात, पण पाऊलवाट सोडत नाहीत, कारण पानं तुडवली गेली तर कंद कमकुवत होतो आणि पुढची काही वर्षं फूल येत नाही. कंद उकरून विकायला १९८१ च्या कायद्याने बंदी आहे. सांगायचा मुद्दा, पानगळ यांनी जे झाडांचं सांगितलं त्याच्या बरोबर उलट इथे आहे. इथली झाडं पानं फुटायच्या बेतात, म्हणून खालच्या फुलांना घाई. आणि हो, तेव्हाही अंगात जॅकेट असतं.

सॅनहोजेचा_पक्या
लीड्सकर, पाऊलवाट न सोडणारी माणसं आम्हालाही पाठवा. दक्षिण कॅलिफोर्नियात २०१९ च्या मार्चमध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये पॉपींचा असा बहर आला होता की डोंगरच्या डोंगर केशरी. मग फोटोसाठी झुंबड. लोक फुलांत लोळत होते, अक्षरशः. गाव ठप्प झालं. २०२३ मध्ये परत चांगला बहर आला तेव्हा प्रशासनाने कॅन्यनच बंद करून टाकला.

आम्ही मराठी मंडळातले काही जण अँटिलोप व्हॅलीला जातो. तिथे राखीव क्षेत्र आहे, ठरलेल्या वाटांवरून चालायचं. एक टीप देतो: पॉपी ढगाळ हवेत किंवा थंडी-वाऱ्यात मिटून बसते. एकदा साबुदाणा वडे डब्यात भरून एवढं अंतर गेलो तर पाकळ्या गुंडाळलेल्या. वडे मात्र संपले. आणि वाटेत रॅटलस्नेक.

वळेसार
सगळे रंगावर बोलतायत, वासावर कुणी बोलूक नाय. फाल्गुनात वेंगुर्ल्याकडे येवा. सुरंगी फुलली की झाड दिसायच्या आधी वास येता. कळे खोडाक आणि फांद्यांक चिकटून, झाडाखाली उभं ऱ्हवलं की मधमाश्यांचो नुसतो गजर. पहाटे कळे उमलायच्या आत काढूक लागतत, माणसं झाडार चढतत, आणि मगे वळेसार, म्हणजे गजरे, करतत. सुकवलेले कळे पण विकूक जातत. पळसाक वास आसा काय? नाय. मगे!

पानगळ
वळेसार, वासाचा मुद्दा एकदम मान्य. सह्याद्रीतही करवंदीच्या जाळीला या दिवसांत पांढरी फुलं असतात आणि सकाळी त्यांचा मंद वास वाटभर येतो. लोकांना करवंद मे महिन्यातच आठवतं.

फळ्यावरचा_खडू
मी शाळेत शिकवते. होळीच्या आधी मुलांकडून पळसाच्या फुलांचा रंग करून घेते. फुलं रात्रभर पाण्यात भिजवायची किंवा उकळायची, सुंदर केशरी-पिवळा रंग उतरतो. तेव्हा ट्रेकला जाताय तर एक पिशवी न्या, खाली पडलेली फुलं गोळा करून आणा. तोडायची नाहीत अर्थात.

रानवाट_७
@खडू, मॅडम, रंगाची कल्पना छान, पण अभयारण्यातून खाली पडलेलं फूलही उचलायचं नाही. नियम आहे आणि त्याला कारणही आहे. वर तांबटांनी लिहिलंय, पडलेली फुलं कुणाचं तरी खाणं असतात. शेताच्या बांधावरच्या पळसाखालून घ्या, तेही बांधाच्या मालकाला विचारून.

फळ्यावरचा_खडू
बांधावरचाच म्हणत होते. पण मुद्दा योग्य, स्पष्ट लिहायला हवं होतं.

आज्जीची_गोधडी
आणि धायटी? आम्ही लहानपणी धायटीची लाल नळकांडी फुलं खुडून मध चोखायचो. आता तेही बंद करायचं का? मग मुलांना डोंगर आवडणार कसा?

रानवाट_७
शिंजिराला विचारून चोखा. (हलकेच घ्या.)

घाटमाथा
इतका वेळ कुणी महत्त्वाचं बोललेलंच नाही म्हणून लिहितोय. मार्च-एप्रिलमधला सगळ्यात मोठा धोका ऊन नाही, बिबट्या नाही. आग्या मोहोळ.

फुलांचा हंगाम म्हणजे माश्यांचाही हंगाम. किल्ल्यांच्या कड्यांवर, बुरुजांच्या खाली, उंच झाडांवर उघडी पोळी लटकलेली असतात. एका किल्ल्यावर आमच्या पुढे दहा-बाराजणांचा घोळका होता. दरवाजाच्या वरच पोळं. कुणीतरी अंगभर अत्तराचा फवारा मारून आलेलं, वर आरडाओरडा. एक माशी चावली, तिला मारली, आणि पुढच्या मिनिटात सगळे उताराने पळत होते. आम्ही खालीच होतो म्हणून वाचलो. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं.

माशीचा डंख अंगात राहतो आणि त्याच्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात. म्हणून हात झटकत उभं राहणं सगळ्यात वाईट. डोकं-तोंड कपड्याने झाका आणि लांब निघा, जितकं लांब जाता येईल तितकं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंख चिमटीत धरून उपटू नका, नखाने खरवडून काढा. सेंट, डिओ, वासाचं तेल घरी ठेवा. धूर नाही, शेकोटी नाही, विडी-सिगारेट नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याने डॉक्टरांना आधी विचारून जावं.

डोंगरउतार
@घाटमाथा, हे मला खरंच माहीत नव्हतं. स्पीकर बंदीला आता सबळ कारण मिळालं.

चहाबिस्किट
डिओ बंदी म्हणजे परतीच्या गाडीत सहा चाळिशीतले पुरुष, मार्चची दुपार, बंद काचा. माश्या परवडल्या.

उंबराचं_फूल
वणव्यांबद्दलही बोला. मार्चमध्ये गेलात तर निम्मे डोंगर काळे ठिक्कर दिसतील. गावकरी गवताला काडी लावतात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून. त्यात टिटवी, चंडोल यांची जमिनीवरची घरटी जातात, रोपं जातात. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असाच धरलेला आहे, म्हणजे बरोबर आपला वसंत.

मु_पो_मावळ
उंबराचं_फूल, "गावकरी काडी लावतात" हे वाचलं की माझं डोकं फिरतं. मी गावकरीच आहे. आमच्याकडे राब भाजतात, भाताच्या रोपासाठी, ते स्वतःच्या खाचरात, कडेचं गवत काढून, वारा बघून. ते आणि वणवा एक नाही. गैरसमजातून गवत पेटवणारे आहेत, नाही असं नाही, आणि आमची पोरं त्यांना समजावतातही. दर वर्षी जाळपट्टे (आग अडवायला मोकळे केलेले पट्टे) काढायला आणि आग विझवायला फांद्या घेऊन कोण धावतं? पुण्यातून कुणी येत नाही. उलट शनिवारी रात्री किल्ल्यावर मुक्कामाला आलेले चूल तशीच ठेवून उतरतात. गेल्या खेपेची आग पठारावरच्या अशाच एका चुलीवरून गेली, मी स्वतः होतो विझवायला.

ठेचाभाकर
मावळवाल्यांशी सहमत, पण आमच्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, फुलं वेचायला सोपी जावी म्हणून, आणि ती आग पसरते हेही खरं. त्यावर उपाय झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधायचा. काही गावांनी सुरू केलंय. आग बंद आणि फूलही स्वच्छ मिळतं, भाव बरा येतो. नुसतं "लावू नका" म्हणून कुणी थांबत नाही, दुसरी सोय द्यावी लागते.

उंबराचं_फूल
@मु_पो_मावळ, सरसकट लिहिलं ते चुकलंच. जाळपट्टे काढताना बाहेरची माणसं मदतीला चालतात का?

मु_पो_मावळ
चालतात. फेब्रुवारीत या, कोयता आम्ही देतो. जेवण आमच्याकडे.

कुर्डूवाडी_एक्सप्रेस
जेवण म्हटल्यावर मी पण.

गुडघे_अँड_सन्स
मूळ धागाकर्त्याला अजून ट्रेक मिळालेला नाही याची कुणी नोंद घेईल का? मोह, सुरंगी, पॉपी, सगळं झालं.

पानगळ
खरंय. माझं मत आहुपे. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे करत गाडी थेट घाटमाथ्यावरच्या गावापर्यंत जाते, म्हणजे चढ जवळजवळ नाहीच. वाटेत बांधांवर पळस-पांगारे बघत जा. गावाजवळ देवराई आहे. तिथे शिरलात की बाहेरचं ऊन विसरायला होतं. तिथून कोंढवळमार्गे भीमाशंकरपर्यंत जंगलातून चालत जाता येतं, पण ते लांब पडतं. अर्धी वाट जाऊन परत फिरा. स्थानिक माणूस बरोबर घ्याच, ढोरवाटा फसवतात. ही सगळी भीमाशंकरची रांग. १९८५ साली अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. पानांनी भरलेल्या झाडांच्या शेंड्यांकडे बघा, काटक्या-पानांची मोठी गोल घरटी दिसतील. एकाच शेकरूची अशी बरीच घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं की शेकरू आत असेलच असं नाही. आधी ओरडणं ऐकू येतं, मग फांदी हलते.

मुंबईकर खांडसवरून शिडी घाट सुचवतील. गुडघा कुरकुरत असेल तर तो नको.

मुंबईकर_लोकल
मी तेच सुचवायला आलो होतो. गप्प बसतो. पण खांडसवरूनच गणेश घाट आहे, तो लांब असला तरी सोपा आहे. उन्हात मात्र वैताग, पहाटे चढायला लागा. महाशिवरात्रीच्या आसपास अजिबात जाऊ नका.

घाटमाथा
पाणी माणशी किमान चार लिटर. मार्चमध्ये टाक्यांच्या भरवशावर राहू नका, नकाशात दिसतं आणि प्रत्यक्षात तळाला शेवाळ असतं.

तांबट
आणि कुठे घरटं सापडलं तर ठिकाण जाहीर करू नका. कोकणात महाधनेशाची मादी या दिवसांत ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. फटीतून नर फळं भरवतो. ढोलीखाली कॅमेऱ्यांची रांग लागली की नर यायचा थांबतो. आत उपाशी कोण राहतं ते वेगळं सांगायला नको.

डोंगरउतार
मंडळी, जाऊन आलो. सहापैकी चारच आले, दोघांनी "उन्हाळी" हे कारण दिलं. स्पीकर आला होता, पण चार्जिंग केबल माझ्याकडे होती.

आहुपेलाच गेलो. डिंभ्याच्या अलीकडे एका पांगाऱ्यापाशी तांबटांचा सल्ला मानून गाडी थांबवली. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी मोबाईल बघितला. मग हिमालयवाला म्हणाला, "अरे तो काळा चिमुकला बघ, चमकतोय निळा." शिंजीर. तो एका साळुंकीला हुसकत होता. त्यानंतर तासभर आम्ही तिथेच. आमच्यातल्या एकाने कोतवाल आणि कोकिळा यांवरून पैज लावली आणि हरला. दोन फाट्यांची शेपटी कोकिळेला नसते हे त्याला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

देवराईत गावातले एक मामा बरोबर होते. त्यांनी अंजनी दाखवली. निळा रंग फोटोत येत नाही, सांगून ठेवतो. एका उतारावर लालभडक झाड दिसलं, आम्ही धावत गेलो तर फुलं नाहीतच, पानंच लाल. मामा हसले, म्हणाले कुसुंब. शेकरू दिसलं, म्हणजे शेपूट दिसलं. हिमालयवाल्याला पूर्ण दिसलं असा त्याचा दावा आहे. पुरावा नाही.

एक शंका. परतताना कड्याच्या कडेला एक निष्पर्ण, वेडंवाकडं झाड होतं, त्याला मोठी पिवळीजर्द फुलं. मामा तोवर घरी गेले होते. हिमालयवाला म्हणतो बहावा.

चहाबिस्किट
फोटो?

डोंगरउतार
झाड कड्यावर, मोबाईल दोन टक्क्यांवर. फक्त लांबून काढलाय, पिवळा ठिपका दिसतो.

गुडघे_अँड_सन्स
बहावाच असेल. म्हणजे आता पंचेचाळीस दिवसांत पाऊस. आमची आजी सांगायची.

मुंबईकर_लोकल
मार्चच्या मध्यावर बहावा आणि पंचेचाळीस दिवसांनी पाऊस म्हणजे एक मे ला छत्री काढायची का?

पानगळ
बहावा नसावा. त्याचा खरा बहर एप्रिल-मेचा, आणि फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात. ही फुलं फांदीच्या टोकाला होती का? पाच सुट्या पाकळ्या, तळहातात मावेल एवढं फूल, मध्ये पुंकेसरांचा पिवळाच झुबका?

डोंगरउतार
टोकालाच होती, वर तोंड करून. खाली एक पडलेलं सापडलं होतं, पाच पाकळ्या होत्या. उचललं नाही हां, रानवाट_७.

पानगळ
मग गणेर. सोनसावरही म्हणतात. अशा कोरड्या, खडकाळ उतारावरच असतो. खात्री करायची असेल तर उन्हाळा संपायच्या आत परत जा, बोंडं फुटलेली असतील आणि आत कापूस. बहाव्याला हातभर लांब काळी शेंग असते, घोळ होणारच नाही.

डोंगरउतार
ग्रुपवर टाकलं. हिमालयवाल्याने अंगठा दिलाय, पण म्हणतो मे मध्ये स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही.